सातवीच्या मुली हुशार आहेत, पण सांगितल्याशिवाय काहीच करत नाहीत. त्यांना स्वतःहून शिकायची सवय कशी लावावी आणि त्याचं मूल्यमापन कसं करावं?

तुमच्या मुलींच्या वह्या चकाचक असतात, पण दर दोन ओळींनंतर ‘बाई, बरोबर आहे का?’ हे ठरलेलं, असं तुम्ही लिहिलंय. मीही नागपुरात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, त्यामुळे ही हाक मला चांगलीच ओळखीची आहे.

वेळेवर वही देणारी, शिस्तीत राहणारी मुलगी स्वतःच्या बळावर शिकतेच असं नाही. प्रत्येकीबद्दल आपण शब्दांत लिहितो त्या वर्णनात्मक नोंदी काढून बघा. ‘हस्ताक्षर सुंदर आहे’, ‘स्वाध्याय नियमित पूर्ण करते’, ‘वर्गात शांत बसते’. मुलगी अडली की काय करते, हे यातली एकही नोंद सांगत नाही, आणि बघायचं तर तेच असतं. मुलींना घरीदारी शाबासकी मिळते ती बहुतेक वेळा सांगितलेलं ऐकल्याबद्दल. त्यात बाराव्या-तेराव्या वर्षी चारचौघींत चुकायची लाज वाटायला लागते. मग प्रत्येक ओळ बाईंकडून तपासून घेतलेली बरी, असं त्यांना वाटणारच.

म्हणून काम असं द्या की ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. आपल्याकडचा माझा आवडता प्रश्न: कूलर एप्रिलमध्ये खोली गारेगार करतो, मग जुलैमध्ये नुसता चिकचिकाट का? हा अनुभव प्रत्येकीच्या घरचा आहे. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तोवर पावसाची हवा असते, त्यामुळे निरीक्षणं लगेच सुरू करता येतात. प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळायचं आणि दोन्हींच्या तापमानातला फरक रोज लिहायचा. पावसाळ्यात फरक थोडा येतो. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की कापडातलं पाणी भराभर उडतं, ते थर्मामीटर कूलरसारखं जास्त गार होतं आणि फरक चांगलाच वाढतो. पण हे सगळं आधी सांगून टाकू नका. कापड किती ओलं ठेवायचं, खिडकीत ठेवायचं की कोपऱ्यात, तक्ता कसा आखायचा, हे त्यांना ठरवू द्या. कापड वाळल्यामुळे आकडे बिघडतील. बिघडू द्या, आणि ते कोणाच्या लक्षात येतं ते बघा.

मोकळं सोडायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही. सुरुवातीला प्रश्न तुमचा, पद्धत त्यांची. पुढे चार प्रश्नांतून एक त्यांनी निवडावा, आणि दिवाळीनंतर प्रश्नही त्यांचाच असावा. मदत मागायला आलेल्या मुलीला आधी विचारा, ‘तू काय काय करून पाहिलंस?’ पहिले काही आठवडे ती नुसती बघत राहते. तुम्ही घाई केली नाहीत, तर एक दिवस उत्तर घेऊनच येते. योग्य वेळी, नेमकी मदत मागता येणं हीसुद्धा स्वावलंबनाचीच खूण आहे, तिची नोंद नक्की करा.

आता मूल्यमापन. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. महाराष्ट्राच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी (वर्गमैत्रिणींनी केलेलं) मूल्यमापन आहेतच, फक्त आपण बहुतेक जण चाचणी आणि स्वाध्यायावर भागवतो. वहीच्या मागच्या पानावर मुलीने तीन गोष्टी लिहाव्यात: मी काय ठरवलं, कुठे अडले, मग काय बदललं. तुमची नोंद त्यावरून करा: ‘कापड वाळल्याने माप चुकलं हे स्वतः ओळखलं, प्रयोग पुन्हा केला.’ ही एक ओळ वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेलाही ती मुलगी कळेल.

या पानावर गुण मात्र देऊ नका. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही मिळालेल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. मुली तर आधी गुणच बघतात, आणि तिथेच थांबतात. प्रगतिपत्रकासाठी लागणारे गुण प्रयोग आणि चाचणीतून घ्या.

एक विनंती आहे. हे काम शाळेच्या तासातच करून घ्या. कित्येक मुलींना घरी गेल्यावर धाकट्या भावंडांचं आणि स्वयंपाकघरातलं बघावं लागतं, तर काहींचा प्रकल्प आई-बाबाच रात्री बसून करून देतात. घरून आलेल्या प्रकल्पावरून कोण स्वतः शिकतेय हे ठरवणं दोघींवरही अन्याय आहे. आणि वर्गात कमी बोलणाऱ्या मुलीची नोंद तोंडी प्रश्नांवरून करू नका, तिचं मागचं पान आधी वाचा. सर्वांत धाडसी बदल मला कित्येकदा तिथेच सापडलेत.