राजकीय कम्युनिकेशन स्ट्रॅटेजिस्ट किंवा भाषणलेखक म्हणून करिअर करता येतं का? रोजचं काम नक्की काय असतं?

येतं की. तुम्ही म्हणताय जर्नालिझम झालंय, लिहायची आवड आहे, राजकारणाचंही वेड आहे. मी बरीच वर्षं यातच आहे, त्यामुळे जे दिसतं ते सांगतो.

लिहिणं हा यातला छोटा भाग आहे. बाकी सगळा वेळ मीटिंगा, सर्व्हेचे आकडे, विरोधक काय बोलले त्याच्या क्लिप्स, पत्रकारांचे फोन आणि 'यावर बोलायचं की गप्प बसायचं' याची वादावादी यात जातो. उमेदवाराला दहा मुद्दे मांडायचे असतात, दहाही त्याला जिवापाड महत्त्वाचे वाटतात आणि तुम्हाला त्यातले सात उडवायचे असतात, तेही त्याला न दुखावता. १९९२ ला अमेरिकेत क्लिंटनच्या प्रचारात त्याचा स्ट्रॅटेजिस्ट जेम्स कारव्हिलने लिटल रॉकच्या ऑफिसात लावलेल्या बोर्डावर तीनच मुद्दे होते: बदल हवा की पुन्हा तेच, अर्थव्यवस्था, आणि आरोग्यसेवा विसरू नका. लोकांना आता फक्त अर्थव्यवस्थेचा आठवतो, पण तो बोर्ड मतदारांसाठी नव्हताच, ऑफिसातल्या आपल्याच लोकांसाठी होता, कारण प्रचारात आधी तेच भरकटतात.

भाषणं लिहायची असतील तर स्वतःची शैली विसरा. माणूस कुठे थांबतो, कुठला शब्द त्याच्या तोंडात बसत नाही, चिडला की कसा बोलतो हे सगळं ऐकून ऐकून अंगवळणी पडावं लागतं. केनेडींची भाषणं लिहिणारा टेड सोरेनसेन १९५३ पासून त्यांच्यासोबत होता, तेव्हा ते नुकतेच सिनेटर झाले होते. म्हणजे १९६१ च्या शपथविधीच्या भाषणामागे आठ वर्षांची सोबत होती. त्यातलं 'देश तुमच्यासाठी काय करेल हे विचारू नका' हे वाक्य कोणाचं असं कोणी विचारलं की तो 'विचारू नका' म्हणून मोकळा व्हायचा. श्रेय न घेता राहणं ज्याला जमत नाही त्याने या वाटेला जाऊच नये, उगाच झुरत बसाल.

आणि बरंच लिखाण वापरलंच जात नाही. विल्यम सफायरने जुलै १९६९ मध्ये निक्सनसाठी एक निवेदन लिहून ठेवलं होतं, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच अडकले तर वाचायला. नशिबाने वेळ आली नाही. वाईटात वाईट काय होईल ते आधीच शांतपणे लिहून ठेवणं हेही याच नोकरीत येतं, कोर्सवाले हे शिकवत नाहीत.

नोकरीची शाश्वती शून्य, निवडणूक हरलात की टीमच संपते. पण पुढे दारं उघडतात, हाच सफायर १९७३ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभलेखक झाला आणि १९७८ ला त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. रेगनसाठी चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेनंतरचं भाषण लिहिणारी पेगी नूननही पुढे स्तंभलेखिकाच झाली.

ज्याचं म्हणणं तुम्हाला मुळातच पटत नाही त्याचं काम घेऊ नका असं माझं मत, यावर इंडस्ट्रीतले निम्मे लोक हसतील.

सुरुवातीला लोकप्रतिनिधीचं ऑफिस, पक्षाचा मीडिया सेल किंवा एखादी संस्था बघा. अर्जासोबत कविता, ब्लॉग वगैरे पाठवू नका. त्या नेत्याची दोनतीन भाषणं ऐका आणि त्याच्याच बोलीत, एखाद्या चालू विषयावर, दोन मिनिटांत वाचून होईल एवढं लिहून पाठवा. मी तरी आलेल्या अर्जात आधी तेच शोधतो.