चेंडू सोड, पाय बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. अमेरिकन फुटबॉलमधल्या तुझ्या त्या कॉलेजच्या क्वार्टरबॅकवरचा (पास फेकणाऱ्या पोरावरचा) स्काउटिंग रिपोर्ट वाचला, एनएफएल या व्यावसायिक लीगनं त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, कितव्या फेरीत घ्यावं ते सांगणारा. सगळी पानं वाचली, तक्त्यांसकट. मग तुझा मध्यरात्रीचा मेसेज पुन्हा काढून वाचला: "काका, आकडे म्हणतात पहिली फेरी, आणि फिल्म बघितली की पोटात गोळा येतो. कशावर विश्वास ठेवू?" पोटातल्या गोळ्यावर ठेव. पण तो कशाने आला ते शोधून कागदावर मांड, नाहीतर तुझ्या बॉसच्या लेखी ती नुसती ॲसिडिटी.

तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुझी आई सांगतेच. मुद्दा असा की तू चेंडू बघतेयस. कुठं गेला, किती यार्ड गेला, झेलला की सुटला. ते टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचं काम; त्याला कॅमेराच चेंडूमागे ओढत नेतो. तुझ्याकडे कोच लोक वापरतात ती फिल्म आहे, मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमागून उंचावरून घेतलेली. तिच्यात क्वार्टरबॅकचे बूट दिसतात. मग बूट बघ ना!

तिसऱ्या सामन्यातलं ते थर्ड अँड नाइन (तिसरा प्रयत्न, नऊ यार्ड हवेत) घे, ज्याच्यापुढे तू 'उत्तम निर्णय' लिहिलंयस. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे त्याच्या हातात येतो. पोरगा तीन पावलं मागे जातो, मागचा पाय रोवतो. डावीकडचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, पहिला पर्याय; त्याला बचावातला कॉर्नरबॅक चिकटलेला. इथं फिल्म थांबव. पोराचं हेल्मेट उजवीकडे वळतं. तू लिहितेस, 'दुसऱ्या पर्यायाकडे गेला.' कुठं गेला? हेल्मेट गेलं. डाव्या बुटाचं टोक अजून डावीकडेच आहे, कंबर जागची हललेली नाही. बघितल्यासारखं केलं, दिसलं काही नाही. पुढच्या क्षणी तो पळत सुटतो, बचावातल्या शेवटच्या गड्याचा, सेफ्टीचा, पाय घसरतो, बारा यार्ड मिळतात, आणि त्या बारा यार्डांना तू भुलतेस. रविवारच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, सेफ्टी असे घसरत नाहीत गं.

दुसरा रिसीव्हर खरोखर दिसला असता तर आधी पाय वळले असते. छोटंसं अर्धं पाऊल, मग कंबर, मग हात. डोकं वळवायला कोचनं पढवलेलं असतं. पाय वळायला समोरचं कळावं लागतं. शिवाजी पार्कात नेटमागे उभे राहणारे जुने सर मुलाचा कव्हर ड्राइव्ह कुठं गेला ते बघतच नाहीत, पुढचा पाय कुठं पडला ते बघतात. तुझ्या बाबांना विचार, त्या पायापायी त्यांनी भरपूर शिव्या खाल्ल्यात.

आता तुझे आकडे. पास पूर्ण होण्याची टक्केवारी सत्तरीच्या घरात, मान्य. त्यातले किती पास लाइन ऑफ स्क्रिमेजच्या, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या, मागेच झेलले गेले? किती आरपीओ, म्हणजे धावायचं की फेकायचं ते ऐनवेळी ठरवायचे डाव? कॉलेजमध्ये पास सुटण्याआधी पुढच्या फळीतल्या लाइनमनना तीन यार्डांपर्यंत पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड. तेवढ्या सवलतीत बचावाच्या मधल्या फळीतल्या लाइनबॅकरला रन, म्हणजे चेंडू घेऊन पळायचा डाव, आल्यासारखा वाटतो, तो पुढे धावतो, त्याच्या मागे मोकळी जागा पडते आणि तुझा पोरगा तिथं अलगद चेंडू ठेवतो. हॅश मार्कचंही तसंच; म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या त्या दोन ओळी, ज्यांच्या आत डावाआधी चेंडू ठेवतात. कॉलेजात दोन्हींमध्ये ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू एका कडेला ठेवला की दुसऱ्या बाजूला मैदानच मैदान. ते झाकता झाकता डिफेन्स ताणला जातो आणि कोण मोकळा सुटणार ते पुष्कळदा स्नॅपआधीच कळतं. असल्या पासांत पायांची परीक्षा होतच नाही. ते सगळे बाजूला काढ. पहिला पर्याय बंद झाला आणि अंगावर कुणीतरी येतंय, एवढेच स्नॅप ठेव. थोडेच उरतील. त्यांवर बस.

पुढे एनएफएल गाजवलेल्या टॉम ब्रॅडीचं उदाहरण सांगून सांगून गुळगुळीत झालंय, तरी सांगतो, कारण लोक त्यातून भलतंच शिकतात. २००० च्या ड्राफ्टमध्ये सहावी फेरी, १९९ वा क्रमांक, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेलेले. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद. सगळे म्हणतात, बघा, जिद्द मोजता आली नाही. अरे, जिद्द राहू द्या, पाय बघितले का? धावायला मंद होता, पण पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी भोवती राखलेल्या जागेत, अर्धं पाऊल सरकून जागा कशी करायची ते त्याला येत होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात त्याचं मिशिगन अलाबामासमोर दोनदा चौदा गुणांनी मागे पडलं. ब्रॅडीनं ३६९ यार्ड फेकले आणि ओव्हरटाइममध्ये सामना ३५-३४ असा काढला. तो सामना काढून बघ. चेंडू झाकून बघ.

उलट टोकाला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल. २००७ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, हात असा की बघणारे वेडे झाले. २००९ च्या मोसमानंतर लीगमध्ये एक सामना नाही. त्याची कारणं बरीच होती, सगळी मैदानावरची नव्हती. पण हाताला भाळून कितीजणांनी बाकीचं बघायचं सोडून दिलं, ते लक्षात ठेव. आणि पंजाच्या मापावर तू अख्खा परिच्छेद खर्च केलायस, तो काढून टाक. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा ९ इंच भरला म्हणून केवढी चर्चा. सिनसिनाटीनं २०२० मध्ये त्याला पहिला उचलला आणि दुसऱ्या मोसमात तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला.

तू विचारणार, मग जॉश ॲलन? मला ठाऊक होतं. वायोमिंगला कॉलेजात असताना त्याचे पाय कुठंही पडायचे, तरी २०१८ ला सातवा गेला आणि २०२४ चा एमव्हीपी, लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. ठीक आहे. पण पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले आणि २०२० मध्ये ६९.२. मधल्या काळात काय बदललं? हात तर पहिल्यापासून तोफ होता. पायाखालचा पायाच नव्यानं घातला त्यांनी. त्याच्या बफेलो टीमनं वेळ दिला, कोच टिकवला, स्टेफन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. एवढं सगळं तुझ्या पोराला कोण देणार आहे? क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचं नाव तर काढूच नकोस. त्यालाही कोच अँडी रीडनं पहिलं वर्ष जुन्या क्वार्टरबॅकच्या, ॲलेक्स स्मिथच्या, मागे बसवलं होतं. अपवाद दाखवून मला गप्प करता येत नाही, हे तुझ्या काकूला इतक्या वर्षांत कळलंय.

मी नोकरी सांभाळून रात्री एका स्काउटिंग सर्व्हिससाठी फिल्म बघायचो, हे तुला माहीत आहे. ते का सुटलं ते नाही. एका पोराला मी वरचा ग्रेड दिला. मीटिंगमध्ये विचारलं, आर्म? बेताचा. उंची? कमी. मग आहे काय त्याच्यात? मी म्हटलं, पाय. हसले सगळे. ग्रेड दोन फेऱ्या खाली गेला आणि पुढच्या मोसमाला मला बोलावणं आलं नाही. पोराचं काय झालं विचारशील. नाही टिकला. पण ज्या टीमनं घेतला तिथला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणारा कोच, लगेच गेला, नव्याला लांब फेकणारा हवा होता, पोराला धड संधीसुद्धा मिळाली नाही. म्हणून माझं चुकलं असं मी म्हणत नाही. काकू म्हणते. म्हणू दे. मला खंत एकाच गोष्टीची आहे: मी तिथं नुसता बोलत राहिलो. क्लिप लावून, थांबवून, बोट ठेवून दाखवायला हवं होतं की हा बघा बूट वळला.

तू तसं करू नकोस. उरलेल्या स्नॅपांतले आठ-दहा कापून एका फाइलमध्ये ठेव, चांगले आणि वाईट दोन्ही, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्यांच्या वेळा लिही. तक्ते मागे ढकल. बॉस तक्ता मागेल, दे. पण आधी क्लिप लाव.

आणि शेवटच्या ओळीतलं ते 'योग्य टीम मिळाल्यास यशस्वी होऊ शकतो' खोड. योग्य टीम मिळाल्यावर मीसुद्धा झालो असतो. फेरी लिही. माझ्या मते तिसरी. तू दुसरी म्हणालीस तर मी भांडेन, पण भांडायला समोर आकडा तरी हवा. शुक्रवारपर्यंत फाइल पाठव, शनिवारी कॉलेजचे सामने सुरू झाले की मी फोन उचलत नाही.

तुझा,
काका