काकांच्या गोळ्या आणि स्वयंपाकघरातली खुर्ची

‘यजमान ७२ वर्षांचे, शाकाहारी, मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन घेतात. हल्ली जमिनीवर बसले की उठता येत नाही. ताकद यावी म्हणून पुतण्यानं अमेरिकेहून आणलेल्या तीन बाटल्यांतल्या गोळ्या आणि वर ड जीवनसत्त्वाची पुडी, महिनाभर रोज चालू आहे. मी बोलले की भांडण होतं. काय करू?’
– एक काकू, कोथरूड

काकू, भांडण राहू द्या, आधी ती पुडी आजच बंद करा. एका पुडीत ६०,००० युनिट असतात. कमतरता असेल तर ती सहसा आठवड्याला एक, अशी आठेक आठवडे देतात. रोज घेतली की रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं. बद्धकोष्ठ, सारखी तहान, मळमळ, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही नसलं तरी दोन-तीन दिवसांत कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), ड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. तिन्ही बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या. ड त्यांतही असेल.

बी-१२ मुद्दाम सांगितलं. शाकाहारात ते कमीच, त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आणखी उतरतं. पायाला मुंग्या येणं, अंधारात तोल जाणं ही त्याची लक्षणं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड (हेही एक ब जीवनसत्त्वच) घेऊन हिमोग्लोबिन सुधारतं आणि आत नसा खराब होत राहतात, म्हणून अंदाजानं गोळ्या नकोत.

आता उठण्याचं. कमतरता भरून निघाली तरी मांड्यांत जोर आपोआप येत नाही. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. काकांनी पुढच्या कडेशी बसायचं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीशी. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकून उठायचं आणि चार अंक मोजत हळू बसायचं. धपकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ, एक दिवसाआड. जमत नसेल तर बैठकीवर घडी घातलेली गोधडी ठेवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. श्वास रोखायचा नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. मग ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलायच्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तूर्त नकोत.

जेवणाचंही बघा. ६० किलोच्या माणसाला या वयात साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंड बरं नसेल तर डॉक्टर ठरवतील तेवढी. आपल्या पातळ वरणाच्या वाटीतून पाच-सहाच मिळतात. दोन्ही जेवणांत घट्ट उसळ, सोबत दही किंवा ५० ग्रॅम पनीर वाढा.

आणि काकांना ‘गोळ्या सोडा’ म्हणू नका. एक वही द्या, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठले तो आकडा दर रविवारी त्यांनाच लिहू दे.