लो बीमवर असतानाही समोरचे डिपर देतात. हेडलाइटचा फोकस घरी कसा तपासावा?

लो बीमवरही समोरचे डिपर देत असतील तर फोकस वर उचललेला आहे, हे भिंत न गाठताही सांगता येते. खात्री करायचीच असेल तर सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी भिंतीजवळ नेऊन दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या खुणा कराव्यात व मग ती सरळ 10 मीटर मागे घ्यावी. प्रकाशाची वरची कड खुणेच्या साधारण 10 सेंटीमीटर खाली, म्हणजे 1 टक्का उतारावर, यायला हवी. डावीकडे ती वर चढलेली दिसेल. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. मोजायचा तो उजवीकडचा आडवा भाग.

मात्र पुष्कळदा दोष डिकीतल्या ओझ्याचा असतो, आणि हे मला आमच्या थोरल्या मेहुण्यांना आजतागायत पटवता आलेले नाही. गणपतीला त्यांच्या गाडीतून आम्ही रत्नागिरीकडे निघालो होतो. मागे तिघे जण आणि डिकीत मखर, समया, पिठाचे डबे असे सामान खच्चून भरलेले. आंबा घाटात समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर देत होता आणि मेहुणे प्रत्येकाला अपर मारून परतफेड करत होते. साखरप्याला चहासाठी गाडी लावली, तेव्हा तिथे उभे असलेले एसटीचे चालक म्हणाले, "अहो, अपर तरी बंद करा." मेहुण्यांनी त्यांना डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा पेटलेला नाही, हे बोट ठेवून दाखवले. मी स्टिअरिंगच्या उजवीकडची, हेडलाइटचा झोत वर-खाली करणारी चकती 0 वरून 3 वर फिरवली, तशी बारीक घरघर होऊन टपरीच्या पत्र्यावरची प्रकाशाची कड खाली उतरली. मेहुण्यांचे म्हणणे तरीही तेच: फोकस खाली केला की रस्ता दिसत नाही.

पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग अडीच सेंटीमीटर दबला की तो 1 टक्का उतार संपतो आणि झोत थेट आडवा जातो. त्याहून दबला तर तो समोरच्याच्या डोळ्यांत. उलट 70 सेंटीमीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत 1 टक्का उतरता असला तरी 70 मीटरवर जमिनीला टेकतो. घाटातल्या वळणावर याहून लांबचे पाहून काय करायचे, हे मेहुण्यांनी अजून सांगितलेले नाही.

तेव्हा भिंतीवर तपासताना डिकी रिकामी आणि चकती 0 वर असू द्यावी, आणि तरीही कड वर दिसली तरच बोनेट उघडून दिव्यामागचा वर-खाली करणारा स्क्रू थोडा थोडा फिरवावा. काही गाड्यांत दिव्याजवळ उताराचा टक्का छापलेला असतो. तसा असल्यास तोच प्रमाण मानावा, माझा नव्हे. आपोआप जुळणारे दिवे असतील तर मात्र स्क्रूला हात न लावता गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी. आणि हॅलोजनच्या जागी बाजारातले एलईडी बल्ब बसवले असतील तर आधी ते काढावेत, कारण आतला आरसा त्यांच्यासाठी घडवलेला नसतो, कड विस्कटते आणि स्क्रू कितीही फिरवला तरी ती जुळत नाही. आमच्या मेहुण्यांनी गेल्या दिवाळीत नेमके तेच बसवून घेतले आहेत.