हवाई दलातून अवकाशविज्ञानात, तेही जर्मनीत येऊन

नमस्कार. कमिशन मिळून १२ वर्षं झाली, सगळी एएन-३२ या मालवाहू विमानावर. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेची, १४ वर्षं पूर्ण व्हायला दोन बाकी. पदवी मेकॅनिकलची, वय ३४, पत्नी आणि लहान मुलगी. बाहेर पडल्यावर जर्मनीत येऊन अवकाशविज्ञानात काम करायचंय, असं तुम्ही लिहिलंत. फ्लाइंग अवर्सना इथं किंमत आहे का आणि उशीर झालाय का, हे तुमचे दोन प्रश्न. मी हवाई दलाच्या हवामान शाखेतून बाहेर पडून जर्मनीतल्या ब्रेमेनला आलो, आणि आता उपग्रहांवरून वातावरण मोजण्याच्या कामात आहे. माझी वाट तुमच्यापेक्षा थोडी वेगळी होती, पण अडथळे बरेचसे तेच आहेत.

आधी हे पक्कं करा की तुम्हाला स्वतः अवकाशात जायचंय की त्याचा अभ्यास करायचाय. जायचं असेल तर भारत सोडू नका. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते हवाई दलातूनच. गगनयानसाठी निवडलेले चौघंही हवाई दलाचे टेस्ट पायलट, आणि त्यांतलेच शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आले. नासाच्या अंतराळवीराला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि युरोपीय अवकाश संस्था, म्हणजे ईसा, आपल्या सदस्य देशांच्या नागरिकांतूनच निवड करते. भारतीय पासपोर्टवर ही दारं बंद आहेत.

नागरिकत्वाचा प्रश्न नोकऱ्यांतही येतो. अमेरिकेत आयटार नावाचा शस्त्रास्त्र-निर्यातीचा कायदा अवकाश उद्योगाच्या मोठ्या भागाला लागू होतो, त्यामुळे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्याला तिथल्या बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. जर्मनीतल्या डार्मश्टाटचं ईसाचं नियंत्रण केंद्र पाहून अनेकांना तिथंच काम करावंसं वाटतं. तिथल्या नोकरीच्या जाहिरातीतली देशांची यादी आधी वाचा. याउलट विद्यापीठं, माक्स प्लांक संस्था आणि डीएलआर, म्हणजे जर्मनीचं अवकाश आणि विमानविद्या केंद्र, इथं भारतीय भरपूर आहेत. तुमचा रस्ता संशोधनातून जातो, एवढं धरून चाला.

आता तासांबद्दल. विद्यापीठाची निवड समिती तुमचे तास पाहून जागा देणार नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रॅमिंग किती झालंय हेच पाहील. पण एकदा आत आलात की तेच तास कामी येतात, आणि इथं मला मनापासून आशा वाटते. उपग्रहाचं मोजमाप खरं आहे का, हे तपासायला विमानं उडवावी लागतात. ईसाचा एओलस उपग्रह २०१८ ते २०२३ लेझरने वारा मोजत होता. त्याची पडताळणी डीएलआरच्या फाल्कन विमानातून झाली. म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेनला त्यांचं हालो नावाचं गल्फस्ट्रीम जी-५५० आहे, ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जातं. अशा मोहिमेत कोणत्या ढगात शिरायचं, उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या क्षणी नेमकं कुठं असायचं, कधी माघार घ्यायची, हे ठरवताना शास्त्रज्ञांच्या बाजूला उडणाऱ्याच्या नजरेचा माणूस असेल तर फार फरक पडतो. लेहच्या उतरणीवर डोंगरातला वारा तुम्ही अंगावर घेतलाय, तर आम्ही तो आलेखात शोधतो. विमान स्वतः चालवायचं असेल तर मात्र युरोपीय लायसन्स लागेल, त्याच्या परीक्षा वेगळ्या.

क्लोद निकोलिए यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. स्विस हवाई दलात हंटर हे लढाऊ विमान उडवणारा हा माणूस खगोलभौतिकीही शिकला, आणि १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीच्या वेळी शटलचा यांत्रिक हात त्यानेच चालवला. पायलट असणं आणि शास्त्रज्ञ असणं, दोन्ही त्याने स्वतंत्रपणे कमावलं होतं.

उशीर झालाय का? मास्टर्सला वयाची अट नाही, पण कागदांना वय कळतं. विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा तिशीनंतर मिळत नाही, खाजगी घ्यावा लागतो. डाड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था, तिच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. व्हिसासाठी बँकेतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, तेही फक्त तुमच्यासाठी. कुटुंब आणायचं तर वर आणखी. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ पासून युरोपाबाहेरच्यांकडून फी घेतं, मास्टर्सला सेमिस्टरमागे चार ते सहा हजार युरो. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीचे पैसे यात जपून वापरायचे आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत वेगळं आहे. मास्टर्स पुण्यातच करा. सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण आणि अवकाशविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, खगोलशास्त्राची आयुका आहे. मेकॅनिकलवर प्रवेश कुठल्या अटींवर मिळतो ते विचारून घ्या. मग जर्मनीत पीएचडीसाठी अर्ज करा. इथं पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते: संशोधकांच्या ई-१३ या वेतनश्रेणीच्या पगाराचा अर्धा ते पाऊण हिस्सा, सरकारी विमा, ब्लॉक्ड अकाउंटची कटकट नाही. पत्नीलाही नोकरी करता येते, आणि मुलीची शाळा एकदाच बदलते. जर्मनीत यायला दोन-तीन वर्षं उशीर होईल, पण सगळी जमापुंजी पणाला लावावी लागणार नाही.

रिलीज ऑर्डर, म्हणजे सेवामुक्तीचा आदेश, सेवेचा दाखला, पासपोर्टसाठी लागणारी एनओसी, सगळं हातात येईपर्यंत तारखा कुणाला कळवू नका. सीव्हीत विमान, एकूण तास, इन्स्ट्रक्टर असाल तर तेवढं लिहा. स्क्वाड्रनच्या तैनातीबद्दल, तळांबद्दल काही नाही. १९२३ चा गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो, आणि मुलाखतीत कुणी कुतूहलाने विचारलं तर "ते सांगता येणार नाही" म्हणालात तर इथले लोक त्याचा मान ठेवतात.

जर्मन भाषा ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत तिघंही शिका. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण मुलीच्या शाळेतून येणारी पत्रं जर्मनमध्येच असतात.

आणि आजपासून करता येण्यासारखं एक काम. सेंटिनेल-५पी या हवेतले वायू मोजणाऱ्या युरोपीय उपग्रहाची मोजमापं फुकट मिळतात, २०१८ पासूनची. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, पुणे-मुंबईवरच्या नायट्रोजन डायऑक्साइडची मोजमापं उतरवून घ्या, पावसाळा आणि हिवाळा वेगळे काढून नकाशा करा. ड्यूटीनंतरच्या संध्याकाळी हे काम अनेक आठवडे तुम्हाला गुंतवून ठेवत असेल, तर हे क्षेत्र तुमचं आहे. नकाशा झाला की मला पाठवा, चुका दाखवीन आणि कोणत्या गटाला लिहायचं तेही सांगेन.