कव्हर लावलं की वास, काढलं की पीएच आठ

प्रश्न : ताई, आम्ही कॅलगरीला राहतो. मागच्या डेकवर १५०० लिटरचा हॉट टब आहे. हिवाळाभर नाशिकहून आलेले आई-बाबा शनिवार-रविवारी त्यात गुडघे शेकतात. रविवारी रात्री मी डायक्लोर ही क्लोरीनची पूड टाकते आणि लगेच कव्हर लावते. पुढच्या शनिवारी ते उचललं की डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो. कव्हरची आतली बाजू पांढरट, कडक झाली आहे आणि ते उचलवत नाही इतकं जड झालंय. दुकानदार म्हणाला, क्लोरीन कमी टाका. नवऱ्याचं म्हणणं, कव्हर अर्धं उघडं ठेवू. पीएचही उघडल्यावर ७.२ आणि जेट्स तासभर चालले की ८. नक्की काय करू?

उत्तर : कव्हर अर्धं उघडं ठेवू नका. बाहेर उणे वीस असताना टबातून अखंड वाफ जाईल, हीटर थांबणार नाही. वाफ जाते तेव्हा क्षार मागे राहतात आणि तुम्ही वरून नळाचं पाणी घालाल ते पुन्हा क्षारांचंच. हीटरवर पांढरा थर चढायला वेळ लागत नाही. कव्हर हवंच. पण झाकलेल्या पाण्याचे नियम उघड्या तलावापेक्षा वेगळे असतात.

तलावांच्या पाण्याच्या तपासणीचं काम मी रोज करते, आणि हा वास जास्त क्लोरीनचा आहे हा समज मला रोज खोडून काढावा लागतो. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांच्याशी झुंजून वापरलं गेलेलं क्लोरीन क्लोरामाइन बनतं. वास त्याचा. उघड्यावर ते उडून जातं, ऊनही ते तोडतं. कव्हरखाली ते कोंडून राहतं आणि तुम्ही झाकण उचलता तेव्हा थेट डोळ्यांवर येतं. म्हणून क्लोरीन कमी करून वास जाणार नाही, उलट वाढेल. पट्टीवर नुसता एक आकडा बघू नका. मोकळं क्लोरीन आणि एकूण क्लोरीन वेगळं दाखवणारी थेंबांची किट घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे क्लोरामाइन.

आई-बाबांना तेल लावायचं असेल तर टबातून बाहेर आल्यावर लावू दे, आधी नको. टबात उतरण्यापूर्वी साबणाने आंघोळ करायला सांगा. एवढ्याने क्लोरीनची निम्मी दमछाक वाचते.

आता डायक्लोर. उघड्या तलावात क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर नसेल तर भर उन्हात तासाभरातच निम्मं क्लोरीन नाहीसं होतं, म्हणून तिथे सायन्युरिक ॲसिड हे स्टॅबिलायझर लागतं. डायक्लोरमध्ये ते असतंच. १० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात १० भाग) क्लोरीन दिलंत की सोबत ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं. तुमच्या टबावर ऊन पडतच नाही, त्यामुळे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि क्लोरीन संपलं तरी ते पाण्यातच राहतं, पाणी बदलेपर्यंत. साचत गेलं की क्लोरीनला धरून ठेवतं. किट ३ दाखवते, पण जंतू मारायची ताकद त्याच्या किती तरी कमी असते. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी तर हॉट टबात सायन्युरिक ॲसिड वापरूच नका म्हणते. पुढच्या भरणीपासून साधं, बिनवासाचं ब्लीच वापरा. ६ टक्क्यांचं ७५ मिली घातलं की १५०० लिटरात साधारण ३ पीपीएम होतं, आणि हॉट टबात किमान तेवढं सतत हवंच. ब्लीच आणि ती पूड, किंवा ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एका भांड्यात कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

सर्वांत जास्त काळजी मला तुमच्या मधल्या पाच दिवसांची वाटते. रविवारची मात्रा बुधवारपर्यंत संपत असणार, आणि गरम, झाकलेलं, निवांत पाणी हे लीजिओनेला या जंतूला हवं तसं घर. वयस्कर माणसांना त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. एक दिवसाआड तपासा, थोडं थोडं घाला.

आणि घातल्यावर लगेच झाकू नका. जेट्स सुरू ठेवून निदान वीस मिनिटं कव्हर बाजूला असू दे. थंडीत जिवावर येतं, मला कल्पना आहे. पण पाण्यातून उठणारा क्लोरीनचा वायूच कव्हरला खातो: आधी आतलं विनाइल, मग फोमभोवतीचं प्लास्टिक. ते फाटलं की फोम वाफ पितो. तुमचं कव्हर म्हणूनच जड झालंय आणि ते आता वाळणार नाही, नवंच घ्या. टबाला ओझोनेटर (पाणी शुद्ध करायला ओझोन वायू सोडणारं यंत्र) असेल तर तोही कव्हरखालच्या त्याच पोकळीत ओझोन सोडत असतो, आणि तोही कव्हरला खातो.

पीएचचं कोडं सोपं आहे. पाण्यात विरघळून पीएच खाली ठेवणारा कार्बन डायऑक्साइड झाकणाखाली फारसा सुटत नाही. जेट्सनी हवा घुसळली की सोड्याची बाटली उघडल्यासारखा निघून जातो आणि पीएच चढतो. म्हणून ७.२ बघून पीएच वाढवायची पूड घालू नका. आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची क्षमता, मोजा. १२० पीपीएम वगैरे असेल तर ती ५० ते ८० वर आणा: सोडियम बायसल्फेट या आम्लाच्या पुडीने पीएच ७.२ पर्यंत उतरवायचा, कव्हर काढून जेट्सनी तो आपोआप वर येऊ द्यायचा, पुन्हा उतरवायचा. हवेने पीएच चढतो, अल्कलिनिटी चढत नाही. दोन-तीन फेऱ्यांत पीएचची उडी पुष्कळ कमी होते.

आत्ताचं पाणी मात्र बदलाच. कडाक्यात नको, पाइप गोठतील. चिनूक, म्हणजे हिवाळ्यातला तो उबदार वारा, येऊन दोन दिवस शून्याच्या वर जातील तेव्हा उपसा. आधी क्लोरीन शून्यावर येऊ द्या आणि पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नका, ते बो नदीत जातं. घराच्या सांडपाण्याच्या वाटेनेच काढा.