पोलिओच्या भाऊबंदांची धास्ती

हात-पाय-तोंडाचा आजार होऊन गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बहुधा एकच भीती घेऊन येतात: फोड गेले, पण विषाणू आत दबा धरून बसला असेल तर?

अशाच एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. आजार उलटून महिना झाला होता. आता त्याच्या अंगठ्याचं नख मुळाशी सुटून उचललं गेलं होतं. त्यात त्यांनी वाचलं, की हा पोलिओच्या कुळातला विषाणू. तेव्हापासून त्या रोज सकाळी त्याला चवड्यांवर चालायला लावून पाय तपासत. पोराला वाटे, खेळच आहे.

वाचलेलं खरंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पोलिओ, तसंच या आजारामागचे कॉक्सॅकी आणि ईव्ही-ए७१, हे सगळे एंटेरोव्हायरस, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचं एक कूळ. जेमतेम ३० नॅनोमीटरचा जीव, आत आरएनएचा एक धागा, वर प्रथिनांचं कवच. जठरातल्या आम्लाला तो दाद देत नाही, घशात आणि आतड्यात वाढतो, आणि बहुतेकदा प्रकरण तिथेच मिटतं. पुढे सरकलाच, तर कुठे जाणार हे प्रकारागणिक बदलतं. कॉक्सॅकी ए१६ बहुधा तोंडात आणि तळहात-तळपायांवर फोड आणून थांबतो, कॉक्सॅकी बी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो. पोलिओ मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारतो, पण लागण झालेल्या शंभरात एकालाही लकवा होत नाही. हे ऐकून बाई पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसल्या.

नखाचं कारण साधं. आजारात नखाची वाढ काही काळ खुंटते आणि ती खंडित जागा महिना-दोन महिन्यांनी दिसते. कॉक्सॅकी ए६ नंतर हे हमखास ऐकू येतं. उचललेल्या नखाखाली नव्या नखाची कड आली होती, ती त्यांना दाखवली.

‘काळजी करू नका’ मात्र मी म्हणत नाही. त्याने कुणाची काळजी गेलेली मी पाहिलेली नाही. आजार अंगात असताना मूल सुस्त पडलं, वारंवार उलट्या झाल्या, झोपेत दचके बसू लागले, तोल जाऊ लागला, तर रात्र न काढता इस्पितळ गाठायचं. ईव्ही-ए७१ मेंदूवर जातो तो असाच.

आणि सॅनिटायझर? त्यांच्या पर्समध्ये दोन बाटल्या होत्या. या विषाणूला स्निग्ध आवरण नसल्याने अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. शौचातून तो कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून शी धुतल्यावर साबणाने हात चोळून धुणंच खरं.

‘मग पुन्हा नाही ना होणार?’ होऊ शकतो, दुसऱ्या प्रकारामुळे. त्यांना ते रुचलं नाही, पण सांगितलं.